सिम्बॉलिक भाकरी

धोंडिराम आपल्या बायकोची पिशवी दिवसातून दोनदा तपासत असे. एकदा ती कामावर जाताना आणि एकदा परत येताना. घरी, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, त्यानं तिची पिशवी कधी उघडून पाहिली नव्हती. पण मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या इमारतीच्या फाटकावर एजन्सीचा शर्ट घालून बसला, की त्याला सगळे सारखे.

"उघड," तो म्हणायचा.

"डबा हाय."

"डबा उघड."

मीरा डबा उघडायची. त्याच डब्यात ती सकाळी भाकरी-चटणी भरताना धोंडिरामनं शेजारी बसून चहा प्यायलेला असे. तरी तो वाकून आत बघायचा, कारण फाटकावर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याला नवरा-बायको कळत नाहीत. बघून झालं की "जा" म्हणायचा, आणि त्याच तोंडानं, ओठ फारसे न हलवता, "मिरची जरा कमी घालत जा, काल पोटात आग पडली."

मागे रांगेत सुगंधा असायची. तिचा सासरा गिरणीत होता, नवराही गिरणीत लागायचा होता तोवर गिरणीच बंद पडली. ती आपला डबा पुढं करायची. "भावोजी, नीट बघा हां. बांगडो आसा. कंपनीत चोरून नेतंय."

"आत न्यायला काय पण न्या," धोंडिराम म्हणायचा. "बाहेर आणायला बंदी हाय."

दुसऱ्या मजल्यावर 'उबारा' नावाची कंपनी होती. शब्द चांगला मराठी, उबेचा. पण पाटीवर इंग्रजी अक्षरांत लिहिला होता, त्यामुळे आतले सगळे त्याला 'युबारा' म्हणत, आणि मराठी माणसंही फोनवर तसंच म्हणू लागली होती. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून कंपनी थंड देशांत पाठवी. काम पृथ्वी वाचवण्याचं होतं. त्यासाठी एसी चालू ठेवावा लागे, पण तो ऑफिसच्या बाजूला. बायका बसत त्या बाजूला पंखे होते, आणि दोरे उडतात म्हणून पंखे बंद असत.

बायका जमिनीवर बसायच्या, एक पाय मुडपून, दुसरा गोधडीखाली सरळ घालून. धावदोऱ्याचा टाका, कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचं. दुपारपर्यंत गुडघा आपला वाटेनासा व्हायचा. डाव्या हाताचा अंगठा सुईच्या टोचण्यांनी चाळणीसारखा झालेला. मीरा पिठात मीठ मळताना तो बाजूला धरायची. त्यात श्रावण. घाऊकीनं आणलेल्या जुन्या साड्या धुऊन दोरीवर टाकल्या तरी वाळायच्या नाहीत, ओल्याच इस्त्रीखाली जायच्या, आणि हॉलभर कुणाकुणाच्या घरचा, कुणाकुणाच्या कपाटाचा वास उकळून वर यायचा.

या सगळ्यावर नंदकिशोर देखरेखीला होता. घाटकोपरचा माणूस, बोलायला फटकळ. त्याच्या जिभेवर गोधडी नव्हती, साडी नव्हती, सगळा 'पीस' होता. पीस झाला का, पीस दे, पीस खराब केला. बाईसुद्धा घाईत असली की 'ती दोन पीसवाली' व्हायची.

आणि ऋता मॅडम होती. पार्ल्याची, स्वभावानं गोड, वय दर्शनापेक्षा थोडं जास्त. दर्शना म्हणजे मीराची मुलगी. ऋता मॅडमचं काम म्हणजे कंपनी चांगली आहे हे जगाला कळवत राहणं. ती बायकांच्यात मांडी घालून बसायची, भाकरी मागून खायची, सगळ्यांना ताई म्हणायची. तिला रागावणं फार अवघड होतं, आणि तीच खरी पंचाईत होती.

त्याआधी आषाढात ती म्हणाली होती, "आपण एक हेरिटेज पीस करू या. प्रत्येकीनं नाही, मीराताई, तुम्हीच. तुमच्या घरातली साडी. आईची, आजीची. जिला काही आठवण आहे अशी."

मीराची आई गेल्या थंडीत सांगोल्याकडं गावी गेली होती, म्हणजे कायमची. बारावं झाल्यावर भावजयांनी भांडी वाटून घेतली आणि मीराच्या हातात एक लुगडं ठेवलं. पांढरं, निळ्या काठाचं, नऊवारी. आई ते वर्षातून एकदा नेसायची, बाबासाहेबांच्या जयंतीला, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून, पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवून द्यायची. एरवी रानात खुरपायला जाताना जे नेसायची त्याला लुगडं म्हणावं की भोकं, असा प्रश्न होता.

त्याची गोधडी करायची हे मीराच्या मनात होतंच. पण मरोळच्या टेकडीवरच्या खोलीत गोधडी अंथरली तर स्वयंपाक करायला जागा उरत नाही, आणि स्वयंपाक केला तर गोधडीला.

"पण ते विकायचं न्हाई, मॅडम."

"विकायचं नाहीच. नुसतं दाखवायचं. सीझन संपला की तुमचं तुम्हांला परत. आय प्रॉमिस." ऋता मॅडमनं लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं. "काय सुंदर इंडिगो आहे हा."

मीराला इंडिगो माहीत नव्हता. निळा माहीत होता.

तिनं लुगडं कापलं नाही. अखंड नऊवारीच्या घडीवर घडी घालून तिनं तेच वर, तेच खाली, आतही तेच ठेवलं. दोरा कंपनीचा, कसलंसं सर्टिफिकेट असलेल्या कापसाचा. मध्याला ठिगळ लावलं ते तिच्या स्वतःच्या लग्नातल्या झंपराचं. ते ठिगळ तिनं तीन बाजूंनी शिवलं, डब्यातल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, आत सरकवला आणि चौथी बाजू शिवायला घेतली.

"मीराताई, हे काय?" ऋता मॅडम फोन घेऊन वाकली होती.

"घास."

"म्हणजे?"

"गोधडी उपाशी ठेवत न्हाईत. उपाशी गोधडी पांघरली तर माणसाला रातभर भूक लागती."

ऋता मॅडमच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "किती सुंदर. परत एकदा कराल? उजेड या बाजूनं घेते." मग बांगड्या मागं सरकवून पुन्हा एकदा. मग मागून कुणी शिंकलं म्हणून पुन्हा. टाका उसवायचा, भाकरी मोडायची, टाका घालायचा. आईच्या गोधडीला त्या दिवशी तीन घास मिळाले, एवढे आईला एका वेळेला क्वचितच मिळाले असतील.

तो व्हिडिओ खूप चालला. कंपनीनं मग सगळ्याच गोधड्यांना लटकवायची चिठ्ठी नव्यानं छापून घेतली, जाड्याभरड्या खाकी कागदावर, इंग्रजीत. दर्शनानं एक चिठ्ठी घरी वाचून दाखवली: "या गोधडीला जेवू घातलेलं आहे."

"आपण असलं काय मानत न्हाई," धोंडिराम भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघत म्हणाला.

"मानायचं काय त्यात?" मीरा म्हणाली. "खायाचं हाय ते."

चिठ्ठी लागणार म्हटल्यावर मीरानं प्रत्येक गोधडीला, दुसरीनं शिवलेलीलाही, मधलं ठिगळ बंद व्हायच्या आत घास घातला. छापलंय तर खरं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात. एक भाकरी रोज डब्यात जादा यायची ती त्यासाठी. धोंडिराम फाटकावर वाकून बघायचा आणि जादा भाकरीबद्दल काही बोलायचा नाही.

गणपती गेले. माल पॅक होऊन खोक्यांत पडला होता, आणि तिकडच्या गिऱ्हाईकानं नेमलेला तपासनीस आला. सौरभ नाव. हातमोजे, छोटी बॅटरी, कागद लावायची पाटी. त्यानं सुया राहिल्यात का ते यंत्रानं बघितलं, रंग जातो का ते ओल्या फडक्यानं बघितलं, आग लागली तर बायका कुठून पळतील ते विचारलं. नंदकिशोरनं दार दाखवलं. दाराला खोकी लावलेली होती, ती त्या दिवसापुरती हलवली होती.

सगळं ठीक होतं. मग त्याला भिंतीवरून खाली उतरणारी मुंग्यांची रांग दिसली. ओल्या हवेत मुंग्या घर सोडतात, हे काही नवल नाही. पण ही रांग कपाटाकडं नव्हती, मोरीकडं नव्हती. एका खोक्यात शिरली होती, खोक्यातल्या वरच्या गोधडीवर चढली होती, आणि चारी बाजूंची कड सोडून थेट मध्यावर गेली होती. सौरभनं दुसरं खोकं उघडलं. तिथंही मध्यावर.

त्यानं ब्लेडनं ठिगळाची कड उचलली. आतून वाळून खडा झालेला भाकरीचा तुकडा निघाला. तो त्यानं चिमट्यानं उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि पिशवीवर काहीतरी लिहिलं, खून पडलेल्या जागी करतात तसं.

अर्ध्या तासात नंदकिशोरनं सगळ्या बायकांना उभं केलं.

"कुणी घातलं?"

"मी," मीरा म्हणाली.

"किती पीसमध्ये?"

"सगळ्यांत."

"सगळ्यांत?"

"एकीला घालायचं आन् दुसरीला उपाशी ठेवायचं, हे बरं दिसतं का?"

"मावशी, एक्सपोर्टचा माल आहे हा. त्याला भाकरी लागत नाही. वाट लावलीत तुम्ही आमची."

"चिठ्ठीवर लिवलंय की तुम्ही. जेवू घातलंय म्हणून."

नंदकिशोर ऋता मॅडमकडं वळला. ऋता मॅडमचा चेहरा उतरला होता. ती फार हळू बोलली, आजाऱ्याशी बोलावं तशी. "मीराताई, चूक तुमची नाही. आम्हांला वाटलं ते सिम्बॉलिक आहे."

कुणाला काही कळलं नाही. सुगंधानं तेवढ्यात मीराच्या कानाशी विचारलं, "काय म्हणता गे ती? शिवी दिल्यान?"

संध्याकाळी खोलीत दर्शनानं समजावलं. "सिम्बॉलिक म्हणजे आई, करायचं नाही. करतोय असं दाखवायचं फक्त."

धोंडिराम जेवत होता. त्यानं घास गिळला. "मग तसं सांगायचं ना त्या बाईनं," तो म्हणाला. "फाटकावर मी दुसरं काय करतो?"

निर्णय चार दिवसांत आला. माल दूषित. धुऊन चालणार नाही, स्वस्तात विकून चालणार नाही, वाटून तर नाहीच, कारण मग तो बाजारात फिरेल आणि कंपनीचं नाव फिरेल. सगळा लॉट नष्ट करायचा. त्यालाही एक चांगला शब्द होता, जबाबदार विल्हेवाट, आणि एक सर्टिफिकेट. गोधड्यांच्या चिंध्या करायच्या, चिंध्यांचा भुगा, भुग्याच्या गाद्या. पण भुगा करणाऱ्या यंत्रात अख्खी गोधडी जात नव्हती, त्याचे दात अडकत होते. त्यामुळे आधी ती कापायची, कापतानाचा व्हिडिओ काढायचा, आणि कापायला त्याच बायका बोलवायच्या, कारण त्यांना कपड्याची सवय आहे. शिवण्याची मजुरी लटकली होती. कापण्याची रोज संध्याकाळी मिळणार होती.

"मेल्यांनो," सुगंधा म्हणाली, "बाळंतपण पण आमीच करायचा आणि तेरावा पण आमीच घालायचा?"

पण आल्या सगळ्या. न येऊन कुठं जातात.

कापायच्या आदल्या दिवशी मीरा ऋता मॅडमच्या काचेच्या खोलीत गेली. एसीत उभं राहिलं की घामाची साडी अंगाला गार चिकटते. ती दाराशीच उभी राहिली.

"मॅडम, लुगड्याची गोधडी तेवढी द्या माझी."

"कुठली?"

"आईच्या लुगड्याची. तुम्ही परत देतो म्हणला हुतासा."

"हो, हो. म्हणाले होते." ऋता मॅडमनं लॅपटॉप मिटला, तेवढं तरी करावंसं तिला वाटलं. "पण ताई, तीही लॉटमध्येच मोजली गेलीय. आणि तिच्यातही आहे ना ते. व्हिडिओ काढला तेव्हा ते कॉन्टॅमिनेशन नव्हतं, आता आहे."

"तेव्हापण भाकरीच हुती. तुमी फोटू काढला की. तीनदा."

ऋता मॅडम एकदम उजळली. "मी एक करते. कंपनीतर्फे तुम्हांला तशीच साडी घेऊन देते. नवीन. सेम इंडिगो बॉर्डर."

मीरानं मान हलवली. होकाराची की नकाराची ते ऋता मॅडमला कळलं नाही. तिनं होकाराची धरली.

खाली फाटकावर नंदकिशोर धोंडिरामच्या टेबलाला टेकून उभा होता. "एकही पीस बाहेर जाता कामा नये. एकही. काउंट वर जातो, तिकडं. तुझी मिसेस त्यात आहे म्हणून तुला वेगळं सांगतोय."

"बरं साहेब."

"नोकरी एजन्सीची आहे, पण एजन्सीला फोन मीच करतो. कळलं ना?"

"कळलं साहेब."

त्या दिवशी ती बाहेर पडताना धोंडिरामनं मीराचा डबा उघडला, पिशवी उलटी करून झटकली, आणि छत्रीसुद्धा उघडायला लावली. छत्रीची एक काडी मोडली होती ती खाली लोंबली. मीरानं छत्री मिटली आणि त्याच्याकडं न बघता रस्त्याला लागली.

घरी तो म्हणाला, "मीरे, उद्या काय करू नको हां."

"मी काय करनार हाय?"

"तेच म्हणतो. फाटकावर मी हाय."

"फाटकावर कोण हाय ते आज बघितलं मी."

दर्शना म्हणाली, "बाबा, ती गोधडी आजीची आहे यार. यांच्या बापाची आहे का?"

"तू गप ग. तुझी फी हायच भरायची." तो थाळीत बघत बोलत होता. "सासू मला कधी अरे म्हणली न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय? पण आर्डर हाय. एकपण पीस न्हाई, असं म्हणला तो. मी काय करू?"

मीरानं भाकरी थापायचं थांबवलं नाही.

कापायला सुरुवात झाली तेव्हा आभाळ भरून होतं आणि हॉलमधल्या ट्यूब दिवसा लावल्या होत्या. मोठ्या कात्र्या, कापड कारखान्यातल्या, एका हातानं उघडायच्या नाहीत अशा. गोधडीत कात्री शिरते तेव्हा कापड कापल्यासारखा आवाज येत नाही, काहीतरी जाड, ओलं चघळल्यासारखा येतो. बायका तोंडाला पदर बांधून बसल्या. मधलं ठिगळ फुटलं की भाकरीचा खडा टपकन फरशीवर पडायचा, आणि तो उचलून वेगळ्या डब्यात टाकायचा, कारण त्याचीही विल्हेवाट वेगळी होती. कडेला वजनकाटा मांडला होता. कापलेल्या चिंध्या त्यावर जायच्या आणि नंदकिशोर आकडा ओरडायचा. ऋता मॅडम फोन धरून फिरत होती. आज ती कुणाच्या शेजारी बसली नाही.

सुगंधाला तिनंच शिवलेली केशरी गोधडी आली. तिनं कात्री घातली, थांबली, नाक शिंकरलं. "हेंका भाकरेचो वास इलो," ती कुणाकडं न बघता म्हणाली. "आमच्या घामाचो नाय इलो तो इतके दिवस?"

"मावशी, व्हिडिओ चालू आहे," नंदकिशोर म्हणाला.

"चलांदेत. माझा नाव सुगंधा. वासाचा माका कळता."

दुपारच्या सुमारास गठ्ठ्यातून निळा काठ वर आला.

मीरानं गोधडी ओढून मांडीवर घेतली. पांढऱ्यावर चौकोनात चौकोन. नंदकिशोर लांबून म्हणाला, "मधोमध घाला कात्री. ठिगळ दिसलं पाहिजे कापलेलं."

मीरानं कात्री उचलली, उजव्या बाजूला ठेवली. केसांच्या गाठीतून अर्धं ब्लेड काढलं, दोरे तोडायला ठेवायची ते, आणि कडेचा पहिला टाका उचलून तोडला. मग दोन बोटांनी दोरा धरून ओढू लागली. दोरा सुळकन निघत नव्हता. अडकायचा, पुन्हा ब्लेड, पुन्हा ओढ. निघेल तेवढा ती चिठ्ठीच्या खाकी कागदाला गुंडाळत होती.

"काय करताय?"

"उसवते."

"कापायचंय."

"तुम्हांला गोधडी नको ना? राहणार न्हाई गोधडी."

"मावशी, असा एक पीस केलात तर संध्याकाळ होईल."

"शिवायला तर लई दिवस गेलं हुतं."

नंदकिशोर ऋता मॅडमकडं बघायला लागला. ऋता मॅडम फोन धरून उभी होती. फोन खाली घ्यावा की चालू ठेवावा हे तिला ठरवता येत नव्हतं. "करू दे त्यांना," ती म्हणाली. "वेगळं झालं तरी... टेक्निकली नष्टच."

दुपार सरली. बाकीच्यांच्या कात्र्या हळूहळू मंदावल्या. सुगंधा आपलं काम बाजूला ठेवून मीराच्या समोर बसली आणि दुसऱ्या कडेनं टाके तोडायला लागली. मीरा नको म्हणाली नाही. चौकोन एकेक करून मावळत गेले. एक घडी उलगडली, मग दुसरी. आत राहिलेलं कापड बाहेरच्यापेक्षा पांढरं होतं. शेवटी मधलं झंपराचं ठिगळ राहिलं. तेही तिनं सोडवलं. तीन तुकडे होते, एकाला मुंगी लागलेली.

नंदकिशोरनं डबा पुढं केला.

मीरानं मुंगी फुंकली आणि तिन्ही तुकडे तोंडात टाकले. ते काही चावण्यासारखे नव्हते. तिनं ते दाढेखाली धरले आणि थुंकीनं भिजू दिले. ऋता मॅडमनं फोन खाली घेतला.

"हे कट करा," नंदकिशोर म्हणाला. "मॅडम, हे रेकॉर्डमध्ये नको."

तुकडे खाली जाईपर्यंत मीरा बसून राहिली. मग उठली, गुडघा पहिल्यांदा सरळ झाला नाही, सुगंधाच्या खांद्याला धरून उठली. खाकी चिठ्ठीवर गुंडाळलेला दोरा तिनं नेऊन वजनकाट्यावर ठेवला. काट्यानं काही दाखवलं नाही.

"लुगडं माझ्या आईचं," ती ऋता मॅडमला म्हणाली. "ठिगळ माझ्या झंपराचं. भाकरी माझ्या घरची, ती तर मी खाल्ली. दोरा तेवढा तुमचा. घ्या."

"मीराताई, असं नाही करता येत. काउंटमध्ये एक पीस..."

"तो काय, ठेवला की काट्यावर."

तिनं लुगडं झटकलं, लांबीला चार पदर करून खांद्यावर टाकलं, डबा घेतला आणि जिना उतरायला लागली. नंदकिशोरनं आधी फाटकावर फोन लावला आणि मग तो स्वतः धावला.

धोंडिरामनं फोन ऐकून ठेवला होता. मीरा समोर येऊन उभी राहिली. तिच्या केसांवर, भुवयांवर गोधड्यांची पांढरी पूड बसली होती.

"उघड," तो म्हणाला.

"डबा हाय."

"डबा उघड."

तिनं उघडला. रिकामा. तो नेहमीसारखा वाकून बघून सरळ झाला.

"खांद्यावर काय?"

"लुगडं."

"कुणाचं?"

"तुमच्या सासूचं."

मागून नंदकिशोर धापा टाकत आला. "धोंडिराम, अडव तिला. पीस आहे तो."

धोंडिराम खुर्चीतून उठला. टोपी नीट केली. लुगडं मीराच्या खांद्यावरून उचललं, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मागं मागं सरकत गेला. अख्खं नऊवार फाटकाच्या रुंदीभर ताणलं गेलं. त्यानं ते कॅमेऱ्याकडं धरलं. उजेडात त्याच्यावर टाक्यांची भोकं रांगांनी दिसत होती, नांगरून ठेवलेल्या रानासारखी.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची आर्डर पीसची हाय. पीस म्हणजे चारी बाजूंनी शिवलेला पायजे. ह्याला टाका न्हाई एक. हे लुगडं हाय. हे बायका नेसतात."

"मला शिकवू नको. एजन्सीला फोन करतो मी."

"करा." त्यानं लुगड्याची घडी घातली, घाई न करता, काठाला काठ लावून. मीराच्या हातात दिली. "जा," तो म्हणाला. आणि ओठ फारसे न हलवता, "चहा टाक. आज लौकर येतो बहुतेक."

फोन झाला. एजन्सीनं धोंडिरामला तिथून काढून मुलुंडला एका अर्धवट बांधलेल्या टॉवरवर टाकलं, जिथं तपासायला बायका नव्हत्या, फक्त सिमेंट होतं. मीराला उबारानं बोलावणं पाठवलं नाही. अडकलेली मजुरी अडकलेलीच राहिली. सुगंधा दर आठवड्याला जाऊन विचारून यायची आणि येताना तेच उत्तर घेऊन यायची. सर्टिफिकेट मात्र कंपनीला वेळेत मिळालं. त्यात सगळे पीस जबाबदारीनं नष्ट झाले होते. घासाचा व्हिडिओ अजून चालू होता. दर्शनानं दाखवला तेव्हा मीरानं त्यातल्या आपल्या हाताकडं बघितलं आणि "अंगठा बघ कसा झालाय" एवढंच म्हणाली.

एका रविवारी तिनं चूल लवकर उरकली, भांडी वर चढवली आणि खोलीभर लुगडं अंथरलं. दोरा मरोळ नाक्यावरून आणलेला, साधा. जुन्या भोकांतून सुई घालत गेली तर रेघ सरळ येत होती. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून धोंडिराम थाळी घेऊन उंबऱ्यावर बसला, पाय बाहेर गटाराच्या फरशीवर.

अंधार पडायच्या आत ती मध्यापर्यंत आली. ठिगळ तीन बाजूंनी शिवून झालं. तिनं मागं न वळता हात लांब केला.

"भाकरी संपली का? जरा मोडून द्या तुमच्यातली."

त्यानं थाळीतली भाकरी मोडली, तिच्या तळहातावर ठेवली. ती नखाएवढा तुकडा काढून बाकीची परत करायला लागली.

"राहू दे," धोंडिराम म्हणाला. "जरा मोठा घाल. तिथं कंपनीत तिला लई दिस नुसता घास दाखवून ठेवलंवतं."